संथ लॅपटॉपचे वकीलपत्र

मुंबईचे दलाल एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास टाउन हॉलपाशी वडाखाली जमून ज्या बाजाराचे सौदे करीत, १८७५ साली ज्याची रीतसर संस्था झाली, आणि १९९५ मध्ये संगणक येईपर्यंत जिथे कंठाचा खणखणीतपणा हेच व्यापाऱ्याचे मोठे भांडवल होते, तो बाजार आता रोज सव्वानऊ वाजता आमच्या माजघरात भरतो. आणि तिथे कंठाला कवडीची किंमत नसून सारी मदार लॅपटॉपवर आहे, हे आमच्या घराण्यातील पिढीजात तारस्वर पाहता मला अन्यायाचेच वाटते.

आमचा लॅपटॉप वयोवृद्ध होता. मिनिटाला ५,४०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कचा तो धनी, आणि बाजार उघडण्याच्या ऐन मुहूर्तावरच त्याच्या अँटिव्हायरसला घरझडतीची बुद्धी होई. आलेखावरची हिरवी कँडल दिसू लागेपर्यंत ती तांबडी होऊन गेलेली असे. तथापि अशा यंत्राचा एक गुण जाणत्यानेच ओळखावा: तोट्याची जबाबदारी शिरावर घेण्यास ते सदैव हजर असते. "भाव पाहिला तेव्हा नफाच होता, बटण दाबेपर्यंत पडद्यावरचे चाक फिरत राहिले," हा माझा जबाब सौभाग्यवतींच्या इजलासापुढे वर्षानुवर्षे बिनतक्रार नोंदला गेला.

घात केला तो भाच्याने. मी दिवाणी न्यायालयातून नाझर म्हणून निवृत्त झालेला, हे ध्यानी घेऊन त्याने सांगितले, "मामा, प्रोसेसर म्हणजे कारकून, रॅम म्हणजे त्याचं मेज आणि डिस्क म्हणजे दप्तरखाना. मेज एवढंसं असलं, की बिचाऱ्याचा जन्म दप्तरखान्याच्या खेपा घालण्यात जातो." चार आलेख, ऑप्शन चेन आणि ब्राउझरचे पंधरा टॅब मांडायचे तर मेज १६ जीबीचे हवे, दप्तरखाना एसएसडीचा हवा, आणि महागडे ग्राफिक्स कार्ड मुळीच नको, असा त्याचा निर्वाळा पडला.

तो शिरोधार्य मानून मी लॅमिंग्टन रोड गाठला. "ट्रेडिंगसाठी" हा शब्द उच्चारताच विक्रेत्याने तांबड्या दिव्यांच्या कळफलकाचा, राक्षससंहाराच्या खेळांसाठी सिद्ध केलेला एक अवजड लॅपटॉप पुढे केला. दुसरा दाखवला तो पापडासारखा पातळ, पण त्याची ८ जीबी रॅम मदरबोर्डालाच डाख देऊन पक्की केलेली, म्हणजे पुढे वाढवण्याचा मार्गच खुंटलेला. पातळपणासाठी मनुष्य काय काय गहाण टाकतो! माझ्या जुन्या यंत्रात मात्र रॅमचा एक खण रिकामा निघाला, आणि नवा एसएसडी व नवी रॅम नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या एका लहानशा अंशात पदरात पडून माझी रवानगी परत घरी झाली.

उरलेली साफसफाई भाच्याने केली. लॅपटॉप सुरू होताच जी मंडळी न बोलावता कामावर रुजू होत त्यांची यादी पाहून मी थक्क झालो: गाणी ऐकवणारा, सभा भरवणारा, केव्हाच मोडीत दिलेल्या प्रिंटरचा खिदमतगार. ही खोगीरभरती बरतर्फ झाली, पंख्यातली धूळ निघाली, आणि यंत्र असे पळू लागले, की माझ्या जबाबाचा आधारच नाहीसा झाला.

त्यातच सौभाग्यवतींच्या हाती सेबीचा २०२४ चा अहवाल लागला: तीन आर्थिक वर्षांत फ्यूचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात. त्यांपैकी कितीजणांचे लॅपटॉप संथ होते याविषयी अहवाल मौन पाळतो, ही त्यातली ढोबळ उणीव मी निदर्शनास आणली.

"अहो, पण आपला तर आता पळतो ना?"

यावर मी वांद्रे-कुर्ला संकुलाचा दाखला दिला. बड्या पेढ्या आपली यंत्रे तिथे एक्स्चेंजच्याच आवारात ठेवतात आणि त्यांचा हिशेब मायक्रोसेकंदांत चालतो. इकडे मनुष्याच्या डोळ्याने पाहून बोटाने बटण दाबायलाच सुमारे पाव सेकंद जातो, तिथे रॅम बापडी काय करणार? युक्तिवाद बिनतोड होता. दुर्दैवाने त्यातून लॅपटॉपसोबत मीही निरुपयोगी ठरत असल्याने तो मला तातडीने मागे घ्यावा लागला.

तूर्त माझा संशय राउटरवर आहे. तो स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यामागे, दोन जाड भिंतींपलीकडे बसतो, आणि त्याच्यापासून माजघरापर्यंत थेट केबल ओढल्याविना खरा वेग कळणे अशक्य आहे, असा लेखी अर्ज मी गुदरला आहे. केबल दिसता कामा नये, एवढ्या एकाच शर्तीवर सुनावणी दिवाळीनंतरवर गेली आहे.