मुक्काम पोस्ट दहावा खंड

सध्या मी दहाव्यात अडकलोय. दहावीत नव्हे. दहावीला निदान मार्चमध्ये परीक्षा, जूनमध्ये निकाल असा काही धरबंध होता. हा दहावा म्हणजे रॉबर्ट जॉर्डन यांच्या ‘द व्हील ऑफ टाइम’ या मालिकेचा दहावा खंड, ‘क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट’. एकूण खंड 14. शिवाय एक पूर्वकथा, ती वरकड. शब्द 40 लाखांच्या वर, नावानिशी वावरणारी पात्रं 2,500 च्या वर. तीन पुस्तकांत आटपेल असा जॉर्डनचा मूळ अंदाज होता म्हणतात. प्रकाशक टॉम डोहर्टी मुरलेले, त्यांनी सहा पुस्तकांचा करार पुढे केला. सहावं पुस्तक 1994 साली आलं तेव्हा गोष्ट कुठे अंगात भिनायला लागली होती.

मग सोड की, असं लोक म्हणतात. लोकांचं काय जातं! 1990 सालचा पहिला खंड वाचलेला माणूस असं बोलणार नाही. टू रिव्हर्स नावाच्या आडमुलखात तीन पोरं आहेत. मेंढ्या पाळणाऱ्या बापाचा रँड, लोहाराकडे काम शिकणारा पेरिन आणि जिथे जाईल तिथे उचापत करणारा मॅट. हिवाळा हटत नाहीये, गावात सणाची तयारी चाललीये, आणि सणाच्या आदल्या रात्री शिंगं-थुथन्या असलेली अर्धी माणसं, अर्धी जनावरं गावावर तुटून पडतात. त्या पोरांतल्या एकाच्या नशिबी जग वाचवणं आणि जग मोडणं अशी दोन्ही कामं लिहिलेली आहेत. एवढं वाचून पुस्तक मिटवू शकणाऱ्या माणसाशी मी फार संबंध ठेवत नाही.

त्यात आपल्याकडच्या वाचकाला आणखी एक भुरळ. काळाचं चाक फिरतं, युगं येतात आणि जातात, तेच जीव फिरून जन्माला येऊन मागचीच भांडणं पुढे चालवतात. अमेरिकेत, साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनला राहणारा, भौतिकशास्त्र शिकलेला, व्हिएतनामच्या लढाईवर जाऊन आलेला एक माणूस हे लिहितो, आणि आपल्याला वाटतं, अरे, हे तर घरचंच! फरक इतकाच की आपली युगं चार आणि यांची सात. चाराची सात झाली, तिथेच पानांचा अंदाज यायला हरकत नव्हती.

पहिले पाच-सहा खंड मी जेवताना ताटाशेजारी ठेवून वाचले. मग वेग मंदावला. माझा नव्हे, त्या जगाचा. सातव्या खंडाच्या (1996) शेवटी मॅटच्या अंगावर भिंत कोसळते. आठव्यात (1998) मॅट नाहीच. जखमी नाही, मेलेला नाही, नुसता नाही. उगवतो तो थेट नवव्यात (2000). ज्यांनी हे खंड निघाले तसतसे वाचले, त्यांनी चार वर्षं त्या भिंतीकडे बघत काढली.

दरम्यान बाकीचे काय करतात? नायनीव वेणी ओढते. राग आला की ओढते, राग आवरायचा असला की ओढते, आणि आपण वेणी ओढतोय हे लक्षात आलं की त्याचाही राग येऊन ओढते. बायका स्कर्टच्या चुण्या सारख्या करतात. रँडला वाटतं की बायकांचं मन पेरिनला बरोबर कळतं. पेरिनला वाटतं, ते रँडला कळतं. आईझ सेडाय नावाच्या जादूगार बाया आहेत. खोटं बोलणार नाही अशी शपथ घेतलेल्या, त्यामुळे खरं बोलून फसवण्यात पटाईत. त्या चहा पितात आणि एकमेकींचा अदमास घेतात. अशात कोणी एक बाई दाराशी येते आणि लेखक तिचं नुसतं नाव सांगून मोकळा होतो. हा थेट लग्नाच्या हॉलवरचा प्रसंग. आपल्या हातात मठ्ठ्याचा पेला, आणि समोरच्या मावशी विचारतात, “ओळखलंस का? सांग बरं मी कोण!” आपण हसतो, वाकून नमस्कार करतो आणि नजरेनं बायकोला शोधतो. इथे बायकोचं काम पुस्तकाच्या शेवटच्या नामसूचीनं करायचं, पण तीत नेमक्या याच मावशी नसतात.

दहाव्या खंडाची (2003) कीर्ती तर दिगंत आहे. जॉर्डनचे निस्सीम भक्तसुद्धा याचं नाव निघालं की विषय बदलतात. नवव्याच्या शेवटी रँड एक अचाट काम करतो. जादूचा जो अर्धा भाग पुरुषांच्या वाट्याचा, तो तीन हजारांहून जास्त वर्षं नासलेला असतो, वापरणाऱ्याला वेड लागतं. तो रँड धुऊन स्वच्छ करतो. वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. आता पुढे काय, म्हणून आपण दहावा उघडतो, तर जॉर्डननं घड्याळ मागे फिरवलेलं. त्या वेळी बाकीची मंडळी कुठे काय करत होती, ते आता सविस्तर. मंडळी फार आहेत. एकेक जण मान वर करून म्हणतो, तिकडे लांब काहीतरी प्रचंड चाललंय बुवा. आणि पुन्हा आपल्या कामाला लागतो. इलेन राजगादीची वारसदार, त्यात गरोदर, शहराला वेढा पडलेला. ती आंघोळ करते. तिची आंघोळ उरकेपर्यंत माझी दोन बादल्यांची कितीतरी वेळा झाली असती.

पेरिनचं दुखणं वेगळं. त्याच्या बायकोचं नाव, उच्चारी, फाईल. तिला नवव्या खंडात शत्रू पळवून नेतात आणि ती सुटते अकराव्यात. (हे मला अकरावा न उघडताच कळलेलं आहे. पुस्तक इतकं जुनं झालं की कोणीतरी सांगतंच.) म्हणजे 2000 ते 2005. आयुष्याचा बराच काळ कचेऱ्यांचे उंबरे झिजवण्यात गेल्यामुळे हरवलेली फाईल पाच वर्षांत सापडते याचं मला कौतुकच वाटतं. पेरिन बिचारा चामड्याच्या दोरीला रोज एक गाठ मारून दिवस मोजतो. 

तर हा पेरिन, सोनेरी डोळ्यांचा, लांडग्यांशी बोलणारा, बायकोच्या शोधात असताना सो हाबोर नावाच्या गावी जातो. कशाला? धान्य खरेदीला. गावात भुतं फिरतात, माणसं कळकट आणि भेदरलेली. दुसऱ्या कुठल्याही लेखकानं भुतांवर प्रकरण काढलं असतं. जॉर्डनचा जीव धान्यात. पोती उघडतात, तर आत किडे. हे मी वैतागून स्वयंपाकघरात मोठ्यानं वाचून दाखवलं. बायको डबे पुसत होती.

“कसले किडे? सोंडे?”

“तेच असणार.”

“मग घेतलं त्यानं ते धान्य?”

“फौज उपाशी आहे त्याची. घेतलं. सगळं पाखडून द्या म्हणतोय.”

“पाखडून काय होतंय? आधी उन्हात घालायला सांग.”

“हिवाळा आहे गं तिकडे. बर्फ पडलाय.”

“मग कडुनिंबाचा पाला तरी घाला म्हणावं.” फडकं हातातच ठेवून ती थांबली. “बायको हरवलीये ना त्याची?”

“हो.”

“तरीच.”

या मालिकेतल्या कुठल्याही गोष्टीबद्दल तिनं आपण होऊन चौकशी केली ती ही पहिली. पहिल्या खंडातली शिंगवाली सेना तिला हलवू शकली नव्हती. रात्री दिवा मालवल्यावर म्हणाली, “निघालं का रे त्यातलं काही चांगलं?”

माझे काका महाभारताचे भक्त. मी लांबीबद्दल कुरकुर केली की ते एकच प्रश्न विचारतात, “अरे, शांतिपर्व वाचलंस का?” अठरा पर्वांतलं हे सगळ्यात मोठं. युद्ध संपलेलं, भीष्माचार्य शरपंजरी, आणि राजधर्म, आपद्धर्म, मोक्षधर्म असं सावकाश चाललेलं. तेवढ्यानं भागलं नाही म्हणून पुढे अनुशासनपर्व. बाणांवर पडलेला माणूस इतकं बोलू शकतो, तर चार्ल्स्टनला खुर्चीत बसलेल्यानं का बोलू नये, असा काकांचा मुद्दा.

“पण काका, व्यासांनी आधी युद्ध उरकलं. यांनी युद्धाच्या आधीच शांतिपर्व काढलंय.”

काकांनी चष्मा काढला, थोडा विचार केला. “हां, हे चुकलंच त्याचं.”

तेव्हापासून माझ्या डोक्यात घोळतंय की या चाकालाही एक भांडारकर संस्था हवी. पुण्यात 1919 साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं आणि 1966 साली पूर्ण झालं. देशभरातली हस्तलिखितं ओळ न् ओळ ताडून पाहायची, मागाहून घुसलेला मजकूर मूळ संहितेतून उचलायचा आणि तळटीपेत नाहीतर परिशिष्टात ठेवायचा. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीनं लिहून घेतलं, ही आपण लहानपणापासून ऐकलेली कथासुद्धा त्यांनी अशीच बाहेर काढली. पुण्यात बसून गणपतीला हात लावण्याची ज्यांची छाती झाली, ती माणसं नायनीवच्या वेणीपुढे डगमगली असती का?

मग मीच मनातल्या मनात संपादकाच्या गादीवर बसलो. वेणी तळटीपेत. चुण्या तळटीपेत. इलेनची आंघोळ परिशिष्टात, तीही संक्षिप्त. क्षितिजाकडे बघून आश्चर्य करणाऱ्यांपैकी एक ठेवायचा, बाकीचे ‘इत्यादी’. काम झपाट्यानं चाललं होतं, आणि मी सो हाबोरला येऊन थबकलो. नियमाप्रमाणे हे प्रकरण पहिलं उडायला हवं. कथानकाला त्या किड्यांचा काडीचा उपयोग नाही. पण गंमत अशी की आठव्या-नवव्या खंडातल्या लढायांचे डावपेच मला आज धड सांगता येणार नाहीत, आणि ती पोती डोळ्यांसमोर आहेत. या जातीच्या बहुतेक पुस्तकांत फौजा नुसत्या कूच करतात. त्यांना भूक लागत नाही, त्यांच्या पिठात जाळी होत नाही. जॉर्डन खरीखुरी लढाई पाहून आलेला माणूस. फौज आधी पोटावर चालते, हे त्याला कोणी सांगायला नको होतं. किडे काढले तर फौजही खोटी होईल अशी मला भीती वाटली आणि मी ते ठेवले. मग किडे ठेवले तर चहा का काढायचा? चहा ठेवला तर चुण्या? असं करत करत सगळा गोतावळा पुन्हा आत आला. आंघोळ मात्र मी अजूनही माफ केलेली नाही.

महाभारताच्या त्या आवृत्तीचे प्रमुख संपादक वि. सी. सुकथनकर 1943 साली काम अर्ध्यावर टाकून गेले. पुढे श्री. कृ. बेलवलकर आणि त्यांच्यानंतर प. ल. वैद्य यांनी ते तडीस नेलं. जॉर्डनचंही तेच झालं. 2006 साली त्यांनी हृदयाचा एक दुर्मीळ आजार झाल्याचं जाहीर केलं. उरलेली गोष्ट एकाच खंडात संपवणार, मग तो कितीही जाड होवो, असं म्हणत ते लिहीत राहिले आणि सप्टेंबर 2007 मध्ये गेले. अखेरचा प्रसंग मात्र लिहून ठेवला होता. त्यांच्या पत्नी हॅरिएट मॅक्डूगल याच या मालिकेच्या संपादक. त्यांनी ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाला निवडलं. सँडरसन एक खंड लिहायला बसला आणि त्याचे तीन झाले. शेवटच्यात लढाईचं एक प्रकरण आहे, ते एकटंच दोनशे पानांच्या घरात जातं. ढवळ्याशेजारी बांधला पवळा, दुसरं काय! आधीची मुखपृष्ठं काढणारे चित्रकार डॅरेल स्वीट हेही अखेरच्या खंडाचं चित्र पुरं होण्याआधी, 2011 साली वारले. ते काम मग मायकेल व्हेलन यांनी केलं. हे समजल्यापासून मी सकाळी फिरायला जाऊ लागलोय.

या सगळ्यावर आमचा भाचा खो खो हसायचा. 2021 साली ॲमेझॉननं याच गोष्टीवर पडद्यावरची मालिका काढली. “मामा, तू बस वाचत. मी आठ भागांत पहिला सीझन उडवला.” दुसरा सीझन आला, तिसरा आला, चौथ्या खंडापर्यंतची गोष्ट कशीबशी पडद्यावर पोचली, आणि मे 2025 मध्ये कंपनीनं गाशा गुंडाळला. पुढच्याच रविवारी भाचा घरी हजर. जेवणं झाली, सुपारी कातरून झाली तरी हलेना. शेवटी कपाटाकडे बघत म्हणाला, “मामा, पुढे काय होतं रे?”

पाचवा खंड हाताशी होता. तो काढून दिला असता तर पोराचं काम भागलं असतं. पण मी त्याला सांगितलं की पडद्यावर त्यांनी पुष्कळ बदललंय, मधूनच वाचायला घेतलंस तर पत्ता लागणार नाही, पहिल्यापासूनच वाच. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. कुठल्याही आईझ सेडायनं पाठ थोपटली असती. तो पहिला खंड काखोटीला मारून गेला.

बुधवारी रात्री त्याचा मेसेज आला. “मामा, ही नायनीव सारखी वेणी का ओढते?”

मी लिहिलं, “पुढे कळेल.”