टंच आणि तगादा

करोल बागेत बीडनपुऱ्याच्या एखाद्या अरुंद जिन्यानं वर गेलात, की आधी तेजाबाचा वास नाकात बसतो आणि मग कानावर विट्याकडचं मराठी पडतं. गलाईवाल्यांची दुकानं. विटा, खानापूर, आटपाडी या सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यातून बाहेर पडलेली ही मंडळी पिढ्यानपिढ्या देशभर सोनं-चांदी गाळत बसली आहेत. सराफानं मोड, म्हणजे जुने दागिने, आणून द्यायची, यांनी ती मुशीत वितळवून, शुद्ध करून लगड परत करायची. सोनं त्याचं, मजुरी यांची. कागदोपत्री याला सेवा व्यवसाय म्हणतात. हे मी एका गलाईवाल्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "सेवाच चालू आहे दादा. मेवा शेटकडं राहतोय."

त्याच्या टेबलावर टंच, म्हणजे सोन्याचा कस, काढायचं यंत्र आहे. दागिना आत ठेवला, झाकण लावलं, की मिनिटभरात चिठ्ठी बाहेर: सोनं 91.67, बाकी तांबं-चांदी. टक्क्यांमध्ये, वर दशांशानंतर दोन आकडे. मी चिठ्ठी उलटून पाहिली. मागं पेनानं लिहिलेलं: "बँक स्ट्रीट शेट, मागचे बाकी."

"किती बाकी?"

"असतील की."

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीचे."

"कुठल्या दिवाळीच्या?"

यावर त्यानं चहा मागवला.

सोन्याचा कस शंभराव्या हिश्शापर्यंत, आणि स्वतःच्या येण्याचा हिशेब 'असतील की'. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या बांगडीवर सहा अक्षर-अंकांची स्वतंत्र ओळख नसेल, तर सराफाला ती विकता येत नाही. म्हणजे बांगडीला नंबर आहे. ती बांगडी गाळणाऱ्याच्या बिलाला नाही, कारण बिलच नाही, चिठोरी आहे. जीएसटीच्या नियमात बिलाच्या सलग क्रमांकासाठी 16 अक्षरांपर्यंत जागा दिली आहे. आपल्या माणसानं त्यातली एकही वापरलेली नाही.

असं नाही की साधनं नाहीत. पुतण्यानं त्याच्या मोबाईलवर चार अ‍ॅप टाकून दिली आहेत. चारही रोज सकाळी न चुकता आठवण करतात: प्रीमियम घ्या, ऑफर संपत आली. आठवण करण्याचं तंत्र त्यांना पक्कं जमलंय. फक्त ती आठवण गिऱ्हाईकाला जायच्या ऐवजी मालकाला येते.

आता बाजारात काय आहे ते पटकन पाहू. टॅली: 1986 पासूनची बेंगळुरूची कंपनी, हिशेबाला पक्की, पण ती सीएच्या ऑफिसात राहते आणि दुकानात वर्षातून एकदा पाहुणी येते. खाताबुक, ओकेक्रेडिट: मुळात उधारीची वही. नाव, रक्कम टाका, गिऱ्हाईकाला मेसेज जातो. किराणा दुकानाला छान, पण 'रमेशकडून पाचशे येणे' ही नोंद झाली, बिल नव्हे. व्यापार, झोहो इन्व्हॉइस: ही खरी बिलवाली. झोहोचं तर फुकट आहे, आणि फुकट म्हटल्यावर आपल्याकडे त्याच्याबद्दल संशय येतो. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस: 2018 मध्ये आलं, तेही फुकट. त्यात गिऱ्हाईकाच्या नावावर 'पेमेंट बाकी' असं रंगीत लेबल लावता येतं. आपल्या माणसानं ते सगळ्यांना लावून ठेवलंय. सगळेच पिवळे झाल्यावर पिवळं कोण, हे कळेनासं झालंय.

राहिले ठोक एसएमएस. त्यासाठी ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमानं आधी नोंदणी करायची, पाठवणाऱ्याचं नाव मंजूर करून घ्यायचं, मेसेजचा मजकूरही मंजूर करून घ्यायचा. दहा सराफांकडून येणं असलेल्या माणसानं या फंदात पडू नये. तेवढ्या वेळात तो दहाही पेढ्यांवर पायी जाऊन येईल.

पण अ‍ॅप कुठलंही असो, गाडी अडते ती मागण्यापाशी. मागायची लाज. शेट दुखावला तर पुढच्या गल्लीतल्या गलाईवाल्याकडे जाईल, ही भीती. शेटही मुरलेला. "अरे, घर की बात है, हो जाएगा." घरची गोष्ट म्हणजे जिचा हिशेब होत नाही, अशी गोष्ट. मग आपला माणूस तगादा कसा लावतो? रोज सकाळी गुड मॉर्निंगचा गणपती पाठवतो. शेट उलट गणपती पाठवतो. गणपती येतात, गणपती जातात, पैसे तिथंच.

आपल्याकडे लग्नात मानपानाचं बोलणं नवरा मुलगा करत नाही, मामा करतो. मुलगा खाली मान घालून बसतो. आठवण करणाऱ्या अ‍ॅपचं काम एवढंच: धंद्यातला मामा होणं. "मी नाही हो शेट, ते मशीनच पाठवतंय आपोआप," असं म्हणायची सोय. मात्र मामानं नीट बोलावं. "कृपया आपली थकबाकी भरावी" हे वीजबिलाचं मराठी, आणि समोर दिल्लीचा शेट. त्याला त्याच्या भाषेत, एका ओळीत: "सेठजी, बिल नंबर 112, रकम 6,400, तारीख 5 थी. क्यूआर नीचे है." नंबर, रक्कम, तारीख, पैसे भरायची जागा. नमस्काराचं चित्र नको. एक मुदतीच्या दोन दिवस आधी, एक मुदतीच्या दिवशी, आणि आठवड्यानं थेट फोन. तिसऱ्या मेसेजनंतर कुणी वाचत नाही.

तर निवडायचं कसं? यादी मोठी करू नका. टंचाला मिनिट लागतं. बिलाला त्याहून जास्त लागत असेल, तर ते अ‍ॅप काढून टाका, कारण मूस तापलेली असताना कुणी सात रकाने भरत नाही. दुसरं, बिलापासूनच आठवण जायला हवी. बिल एकीकडे आणि तगादा दुसरीकडे असेल, तर ती पुन्हा चिठोरीच. तिसरं, उद्या अ‍ॅप सोडलं तर तुमची सगळी बिलं एक्सेलमध्ये बाहेर येतात का, ते आजच करून बघा. सराफाचं सोनं तुम्ही ठेवून घेत नाही. तुमचा हिशेब दुसऱ्यानं का ठेवून घ्यावा?

आणि बिलावर उद्यम नोंदणीचा नंबर छापा. छोट्या उद्योगांची ही सरकारी नोंदणी ऑनलाइन आहे, तिला पैसे पडत नाहीत. 2006 च्या एमएसएमई कायद्यानं सूक्ष्म-लघू उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि नसेल तर 15 दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. हा कायदा इतकी वर्षं कपाटात होता. मग 2023 च्या वित्त कायद्यानं त्याला दात आले: मुदतीत पैसे दिले नाहीत, तर शेटला तो खर्च त्या वर्षीच्या उत्पन्नातून वजा मिळत नाही, ज्या वर्षी देईल, त्या वर्षी. 2024-25 या कर निर्धारण वर्षापासून हे लागू झालं. तेव्हापासून मार्च महिन्यात एक चमत्कार होतो. शेटचा सीए शेटला विचारतो, "या गलाईवाल्याचं काही द्यायचं राहिलंय का?" जगातली सर्वात परिणामकारक आठवण तीच, आणि ती तुम्हाला पाठवावीही लागत नाही. पण तिला लागतं काय? तारीख असलेलं, नंबर असलेलं, उद्यम नोंदणी छापलेलं बिल. टंचाच्या चिठ्ठीची पाठ बघून सीए हलत नाही.

जाता जाता एक. मजुरीची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल, तर दिल्लीत सेवेला जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. यावरून बऱ्याच जणांनी निष्कर्ष काढलाय, की बिलही सक्तीचं नाही. जीएसटी नाही म्हणजे बिलावर कर लिहायचा नाही, एवढंच. रक्कम लिहायला कुणी मनाई केलेली नाही. आणि काम केल्याच्या पैशांचा दावा लावायला साधारण तीन वर्षांची मुदत असते, 'दिवाळीच्या आधीचे' ही कोर्टात तारीख धरत नाहीत.

सोमवारी करोल बागेचा बाजार बंद असतो. येत्या सोमवारी भट्टी पेटवू नका. सगळ्या चिठ्ठ्या उलट्या करा आणि बिल नंबर 1 लिहा.