जंतू पिणारे सर पहिल्या वर्षाला येतील का?

नवी मुंबईकर घर घेताना स्टेशनपासूनची मिनिटं विचारतो आणि विद्यापीठ निवडताना जगातला क्रमांक. दोन्ही आकडे जितके लहान तितके चांगले, आणि दोन्ही जाहिरातीत जरा जास्तच लहान असतात.

विमानतळाशेजारी परदेशी विद्यापीठांची एज्युसिटी होणार म्हटल्यापासून आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी जमिनीवर नाहीत. १४ जून २०२५ रोजी पाच परदेशी विद्यापीठांना मुंबईत इरादापत्रं मिळाली, त्या दिवसापासून ते अ‍ॅबर्डीन, यॉर्क अशी नावं सानपाडा-जुईनगरच्या सुरात घेतात. पाचांत वेस्टर्न ऑस्ट्रेलियाही आहे. तिथले बॅरी मार्शल १९८४ मध्ये पोटातल्या अल्सरचं कारण सिद्ध करायला स्वतःच जंतू प्यायले आणि २००५ मध्ये नोबेल घेऊन आले.

"याला म्हणतात संशोधन!" सेक्रेटरी म्हणाले. कन्या यंदा बारावीला.

"पण पहिल्या वर्षाला तिला शिकवणार कोण?" मी विचारलं.

"असले प्रश्न बालवाडीच्या अ‍ॅडमिशनला विचारायचे."

त्यांचंही बरोबर आहे. क्यूएसच्या क्रमवारीत विद्वानांमधल्या नावलौकिकाला ३० टक्के, शोधनिबंधांच्या उल्लेखांना २० आणि एका प्राध्यापकामागे किती विद्यार्थी याला १०. आपल्या एनआयआरएफ क्रमवारीत अध्यापनाला चांगले ३० टक्के आहेत. त्यात प्रामुख्यानं विद्यार्थी किती, प्राध्यापक किती, त्यांच्या पीएचड्या किती, खर्च किती, हे मोजतात. शिकवलेलं कुणाला कळलं का, हा रकाना नाही. तो प्रश्न परंपरेनं क्लासवाल्यांकडे असतो.

गंमत म्हणजे अस्सल संशोधन खारघरमध्येच आहे. टाटा मेमोरियलच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये कर्करोगावर काम चालतं. पण तिथं एफवायची बॅच नाही, म्हणून कुणाला अभिमानही नाही. कुलाब्याची टीआयएफआर १९४५ पासून पदवीच्या पोरांविना सुखात आहे. बंगळूरची आयआयएससी १९०९ मध्ये स्थापन झाली, पण बारावीची मुलं चार वर्षांच्या पदवीसाठी आत यायला २०११ साल उजाडलं. मोठ्या शास्त्रज्ञाला पहिल्या वर्षाचा तास म्हणजे हापूसच्या हंगामात पाहुणे, नाही म्हणता येत नाही आणि मनही लागत नाही. अपवाद असतात. ते कुठल्या विभागात बसतात, हे तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या पोरांना कँटीनमध्ये विचारलं तर पाच मिनिटांत कळतं. पण पालक कँटीनमध्ये जात नाहीत, ऑडिटोरियममध्ये जातात. तिथं एसी असतो.

म्हटलं, मग पुण्याची आयसर बघा. २००६ मध्ये ती काढलीच मुळी पदवीच्या मुलांना संशोधकांच्या हाताखाली शिकता यावं म्हणून.

सेक्रेटरींचा चेहरा पडला. "म्हणजे पोरगी संशोधन करत बसेल?"

"तुम्हाला संशोधनच हवं होतं ना?"

"विद्यापीठानं करावं हो! हिनं पॅकेज घ्यावं."

काल त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर तुलनेचा तक्ता टाकला. क्रमवारी, नोबेल, फी, विमानतळापासूनचं अंतर, पार्किंग. 'शिक्षक' असाही रकाना होता म्हणे, पण त्यामुळे तक्ता ए-फोरवर मावेना.