श्री. हुकुमावरून यांस, फलकाच्या पाठीमागून

प्रति,
मा. श्री. हुकुमावरून साहेब,
मुक्काम: पत्र्यावर, खाली, उजव्या कोपऱ्यात.

स. न. वि. वि.

आपली प्रत्यक्ष भेट कधी झालेली नाही, पण आपलं नाव मी लहानपणापासून वाचत आलोय. ‘फुले तोडू नयेत – हुकुमावरून’, ‘आत येण्यास सक्त मनाई आहे – हुकुमावरून’. चौथीपर्यंत माझी पक्की समजूत होती की हे आडनाव आहे आणि हे घराणं लांब कुठल्या तरी मोठ्या गावी राहत असणार. कारण आमच्या हिरडस मावळात त्यांच्यापैकी कुणी कधी फिरकलं नव्हतं. पुढे मास्तर झालो, पोरांना शब्दयोगी अव्ययं शिकवू लागलो, तेव्हा कळलं की हा नुसता ‘वरून’ लागलेला शब्द आहे. वाक्यात कर्ताच नाही. पण पत्र लिहायचं तर कुणाच्या तरी नावाने लिहावं लागतं, आणि आमच्या रस्त्यावर सही केलेले आपण एकटेच सापडता.

विषय: भोर-महाड रस्ता, वरंधा घाटमार्गे.

या रस्त्यावर आपले दोन फलक लागतात. एक भोरच्या बाजूला, एक महाडच्या. मजकूर दोन्हीवर तोच: ‘वरंधा घाट वाहतुकीसाठी बंद आहे. पर्यायी मार्गाचा वापर करावा.’ पुण्याहून येणाऱ्याला पहिला दिसतो, कोकणातून येणाऱ्याला दुसरा. आम्ही राहतो दोन्हींच्या मधे. त्यामुळे आम्हाला दोन्ही बाजूंनी आपली पाठ दिसते. भोरकडचा फलक दगड भरलेल्या डांबराच्या ड्रमला तारेने आवळलाय. पुढून अक्षरं झकास आहेत. मागून तोच पत्रा कुठल्या तरी दंतमंजनाच्या जाहिरातीचा आहे. बाईचं अर्धं हसू अजून शाबूत आहे, बाकीचं गंजलं. तालुक्याला जाताना तिचेच दात आधी दिसतात. वाहतूक बंद आहे हे आम्हाला कळतं ते असं, उलट्या बाजूने.

आता पर्यायी मार्गाबद्दल. आपण लिहिलंय म्हणजे तो असणारच, म्हणून एकदा वही घेऊन हिशोबच मांडला. माझी आत्या माझेरीच्या अंगाला, घाटाखाली दिलेली. आमच्या वाडीतून शिरगाव, मग घाटमाथा, वाघजाई, आणि वळणं उतरली की तिचं गाव. पोहे खाऊन निघालं तर जेवायला तिथे. आपल्या सूचनेप्रमाणे निघायचं तर आधी उलट्या दिशेने भोर, भोरहून पुणे, पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगाव, माणगावहून महाड, महाडहून बिरवाडी, वरंध आणि मग आत्या. बेरीज दोनशे किलोमीटरच्या पुढे गेली. दुसरा पर्याय वाईवरून महाबळेश्वर चढून आंबेनळी उतरायचा. म्हणजे एक घाट टाळायला आधी दोन घाट चढायचे आणि मग तिसरा उतरायचा. शिवाय ताम्हिणी आणि आंबेनळी काही राजस्थानात नाहीत. ज्या दिवशी आमच्याकडे कोसळतो, त्या दिवशी तिथेही कोसळतोच. पर्यायाचा पर्याय लिहायला पत्र्यावर जागा उरली नव्हती, हे मी समजू शकतो.

खरं तर पर्यायी मार्ग आहे तो पावसाला. आमच्या माथ्यावर पडलेलं पाणी एका अंगाने शिरगावाजवळ नीरेत जातं, तिथून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि थेट बंगालच्या उपसागरात. दुसऱ्या अंगाला पडलं तर काळ नदी, सावित्री, बाणकोटची खाडी आणि अरबी समुद्र. एकाच सरीचे थेंब, दोन समुद्र. त्यांना कुणी फलक लावत नाही.

आपल्या आदेशाची भाषाही मी बारकाईने वाचली. अवजड वाहनं पूर्ण बंद. हलकी वाहनं हवामान खात्याचा लाल किंवा नारिंगी इशारा असेल तेव्हा बंद. वाडीत मोबाईलला रेंज येते ती देवळामागच्या आंब्याखाली, तीही वारा पडला तर. तेव्हा इशाऱ्याचा रंग बघायला आधी छत्री घेऊन आंब्याखाली जावं लागतं. आणि एसटी ही अवजड वाहनांत मोडते. आमच्या शेजारची म्हातारी पंचेचाळीस किलोची. ती अवजड वाहनातूनच प्रवास करते, कारण हलकं वाहन भाड्याने घेणं तिला जड जातं. खालच्या अंगाला मिनीडोर, वरच्या अंगाला वडाप, अशी आमची विभागणी आहे. मधल्या टप्प्यात दोन्ही येत नाहीत.

पण साहेब, आपण आमच्या रस्त्याचा मानही वाढवलात, ते विसरून चालणार नाही. पूर्वी हा राज्यमार्ग होता. कागदावर नाव महाड-पंढरपूर. प्रत्यक्ष पंढरीला निघालेला वारकरी आषाढात या घाटातून कसा चढायचा, हे त्याचं त्याने आणि विठ्ठलाने बघायचं. नंतर त्याची बढती झाली आणि तो राष्ट्रीय महामार्ग ९६५ डीडी झाला. बढतीचा पुरावा म्हणजे किलोमीटरचे दगड. राज्यमार्गाच्या दगडाची टोपी हिरवी असते, राष्ट्रीय महामार्गाची पिवळी. आमच्या फाट्यावरच्या दगडाला पिवळी टोपी चढली त्या दिवशी मी पोरांना वर्गाबाहेर आणून दाखवली. एका कोपऱ्यात रंगाचा पोपडा उडालाय, तिथून जुना हिरवा डोकावतो. रंगारी पिवळा डबा घेऊन आला तो दगड-दगड करत पुढे गेला, मधल्या खड्ड्यांना हात न लावता. त्याचा काय दोष, त्याला हुकूम टोप्यांचा होता.

रस्त्यांच्या या जातीपाती मी मुलांना नागपूर योजनेपासून शिकवतो. १९४३ ची ती योजना. राष्ट्रीय, राज्य, प्रमुख जिल्हा, इतर जिल्हा आणि ग्रामीण. सरकारी तोंडी प्रमुख जिल्हा मार्ग म्हणजे ‘प्रजिमा’, इतर जिल्हा मार्ग म्हणजे ‘इजिमा’. माझ्या वर्गातल्या एका पोरीने विचारलं, “गुरुजी, आपल्या वाडीचा रस्ता प्रजिमा का इजिमा?” म्हटलं, बाळ, आपला रस्ता म्हणजे फाट्यापासून पायवाट. तिने वहीत लिहून घेतलं: ‘पावा’. हा नवा प्रवर्ग आपल्या दप्तरी नोंदवून घ्यावा.

टोपी हिरवी होती त्या काळी या रस्त्यावर मैलकुली होते. आपल्या पिढीला हा शब्द ठाऊक नसेल म्हणून सांगतो. प्रत्येक टप्प्याला एक माणूस नेमलेला. खांद्यावर कुदळ, हातात घमेलं, डोक्यावर इरलं. आमच्या टप्प्याला जो होता त्याला मी बघितलंय. मृग लागायच्या आधी तो डोंगराच्या कडेचं गटार खालपासून वरपर्यंत उकरायचा. मोरीत वाकून आत हात घालायचा. पाचोळा, गेल्या वर्षीचा गाळ, कधी मेलेली धामण, सगळं बाहेर. मग तोंडाशी घागरभर पाणी ओतून दुसऱ्या टोकाला जाऊन बघायचा, येतंय का. पाणी आलं की तिथेच बसून तंबाखू मळायचा. त्याला प्रत्येक मोरी पोटच्या पोरासारखी ठाऊक होती: ही लवकर तुंबते, ही पहिल्या पावसात गढूळ जाते, हिच्या डोक्यावरचा दगड यंदा हललाय. साताठ शब्दांत तो वरच्याला कळवायचा आणि वरचा दोन माणसं पाठवायचा.

तो निवृत्त झाला. त्याच्या जागी कुणी आलं नाही. फलक आला.

आता मोऱ्या तुंबतात. तुंबलेलं पाणी रस्त्यावरून वाहतं, दरीकडची साईडपट्टी खातं, आणि साईडपट्टी गेली की मागोमाग डांबर लोंबकळतं. वरच्या बाजूला रुंदीकरणासाठी डोंगराचा पाय कापलेला. आमच्या सह्याद्रीचा काळा कातळ थरावर थर चढवलेला आहे आणि मधेमधे लाल मातीचे पट्टे आहेत. पाणी कातळाच्या भेगांतून झिरपत या पट्ट्यावर येऊन थबकतं. वर मुरमाचं ओझं आणि खाली कापलेला पाय. मग ते बसतं. हे मी इंजिनिअर नसताना सांगतोय, कारण रोज बघतो. मैलकुलीलाही हे ठाऊक होतं आणि त्याने कधी कुठला अहवाल लिहिला नाही.

दरड खोटी आहे असं म्हणायची माझी छाती नाही. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर आला. ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच पावसात आमचा घाटही जागोजागी तुटला. ती रात्र शिरगावपासून खालपर्यंत सगळ्यांनी दिवे लावून, डोंगराकडे तोंड करून बसून काढली. तेव्हा बंदी नको असं मी म्हणत नाही. दरडीखाली एसटी सापडावी असं कुणाला वाटेल? मी म्हणतोय ते एवढंच की डोंगर आणि पाऊस दोघांची तारीख वर्षानुवर्षं ठरलेली असताना, पावसाळ्यात पावसासाठी बंद आणि उघडीप झाल्यावर कामासाठी बंद, ही जी आपण बारमाही सोय केली आहे, तिच्यात काही महिने उघडे ठेवायचे राहून तर गेले नाहीत ना, ते कृपया एकदा तपासावं.

आणि जलद काम होत नाही असंही नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल वाहून गेला. दोन एसट्या गेल्या. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ ला खुला झाला. आम्ही कौतुकाने बघायला गेलो होतो. पूल मजबूत आहे. त्याच्यावरून मुंबई जाते आणि गोवा जातो. आमच्या मोरीवरून कोण जातं? दुधाचा किटलीवाला, शाळेतली पोरं, आणि गौरी-गणपतीला माहेरी निघालेल्या बाया. त्यांच्यासाठी १६५ दिवस म्हणजे फार घाई झाली असती.

गौरीचं निघालं म्हणून सांगतो. जुलै ते सप्टेंबर ही जी आपली आवडती तिमाही आहे, तिच्यात नागपंचमी, राखी, गोकुळाष्टमी, गणपती, गौरी असं आमचं येण्याजाण्याचं सगळं पंचांग बसतं. चातुर्मासात देव झोपतात हे ऐकून होतो. आता रस्ताही झोपतो. आत्या तारखा सांगतच नाही, ‘रस्ता उघडल्यावर’ म्हणते. बारसं रस्ता उघडल्यावर. मोतीबिंदूचं ऑपरेशन रस्ता उघडल्यावर. तिचे यजमान मात्र थांबले नाहीत, ऐन श्रावणात गेले. मी कायदा पाळणारा माणूस, मास्तर, त्यामुळे आपल्या पर्यायी मार्गाने निघालो. मातीला पोचलो नाही. दरवाजात आतेभाऊ उभा होता. मी चपला काढत असताना म्हणाला, “ताम्हिणीने आलास? सरळ यायचं होतंस. ड्रम काय, दोन माणसांनी सरकतो.” आत्या काही बोलली नाही. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला.

वाघजाईपाशी या एकदा. आपण कागदावर घाट खूप पाहिला असेल, प्रत्यक्षात बघा. तिथे कावळ्या किल्ल्याची सोंड कापून रस्ता काढलाय, म्हणजे शिवकाळातल्या किल्ल्यानेही रस्त्यासाठी अंग दुभंगून घेतलंय. खाली झाडीत शिवथरघळ, जिथे समर्थांचा दासबोध झाला. भज्यांच्या टपऱ्या आहेत. उन्हाळ्यात कढई थंड होत नाही. पुण्याची मंडळी मोटारी लावून कांदाभजी खातात आणि माकडं मोटारीच्या टपावर बसून पुण्याची मंडळी बघतात. आपला फलक लागला की टपरीवाली डाळीचं पीठ पिशवीत बांधून घरी नेते. माकडं दोन-तीन दिवस वाट बघतात, मग तीही खाली उतरतात. त्यांचं मात्र जायला-यायला अडत नाही.

तेव्हा यंदा गौरी जेवायला आमच्याकडे यावं. भाकरी, भोपळ्याची भाजी, अळूचं फदफदं, आणि आत्याकडून जमलंच तर खालची सुकट दुसऱ्या दिवशी. येणार असाल तर आधी दोन ओळी कळवा. भोरच्या बाजूने ड्रमपाशी आलात की हॉर्न वाजवू नका, पलीकडे माणूस झोपलेला असतो. मी नि शेजारचा पोरगा कंदील घेऊन येऊ. ड्रम सरकवायला दोन माणसं लागतात.

कळावे, लोभ असावा.

आपला,
दोन फलकांच्या मधला एक

ता. क.: महाडकडच्या फलकावर ‘३० सप्टेंबर’ ही तारीख गेल्या वर्षीच्या तारखेवरच रंगवली आहे. मागचं साल अजून खालून दिसतं. पुढच्या वर्षासाठी जागा सोडलेली आहे, हे चांगलं केलंत.