तिथीची पाऊणपट

समुद्रावर गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जाणारा माणूस घरात सगळ्यांत धार्मिक वाटतो. सकाळी चहाच्या आधी तो भिंतीवरच्या कालनिर्णयापुढे उभा राहतो, बोटाने तिथी शोधतो आणि ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटतो. नव्या पाहुण्याला वाटतं, संकल्प सोडतोय. तो तिथीला पाऊणने गुणत असतो.

हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा. पाच-पंधरा मिनिटं इकडेतिकडे होतात, ती आपली आपण धरायची. चंद्र रोज पाऊणएक तास उशिरा उगवतो आणि समुद्र त्याच्या मागोमाग चालतो. आता भरतीची वेळ फोनवर मिनिटासकट मिळते, वाऱ्याचे बाण दिसतात. जॉन आल्डन नाईट नावाच्या अमेरिकनाने १९२६ साली चंद्र-सूर्यावरून मासे कधी तोंड उघडतात याचा सिद्धान्त मांडला होता, त्याची कोष्टकंही फोनमध्ये येऊन बसली आहेत. तरी धक्क्यावरची जुनी मंडळी पाऊणपट सोडत नाहीत. कालनिर्णय १९७३ साली सुरू करणारे जयंतराव साळगावकर जन्माने मालवणचेच. हा योगायोग आहे असं मानायला आमच्याकडे कोणी तयार नाही.

एवढा आटापिटा वेळेसाठी का, तर मोठा मासा आळशी असतो म्हणून. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तशी जागा डोळ्यांसमोर आणा. ओहोटी लागली की खाडीतलं पाणी अरुंद तोंडातून बाहेर धावतं आणि त्याच्याबरोबर कोळंबी, बोयटं, लहानसहान खेकडे असा सगळा संसार वाहत येतो. तांबोशी त्याच्या मागे धावत नाही. ती खडकाच्या आडोशाला, प्रवाहाकडे तोंड करून थांबते आणि समोरून जाईल ते उचलते. पाणी थांबलं की तिचं जेवणही थांबतं. म्हणून भरती-ओहोटीच्या सांध्यावर, पाणी ना आत ना बाहेर असताना, धक्क्यावर सगळे तंबाखू मळताना दिसतात.

पाणी चालू झालं की मात्र हात बदलतात. डब्यातली जिवंत कोळंबी चिमटीत धरायची, डोक्यावरच्या काट्याखाली आत जो काळा ठिपका दिसतो तो चुकवून गरी आरपार काढायची. ठिपक्याला टोक लागलं तर कोळंबी तिथेच संपते, आणि मेलेल्या कोळंबीला तांबोशी फारशी भुलत नाही. नीट लावलेली कोळंबी पाण्यात गेल्यावर टुणटुण उड्या मारते, ते तंगुसावरून बोटाला कळतं. मग त्या उड्या एकाएकी घाबऱ्या होतात. मागोमाग एक हिसका येतो आणि मासा सरळ खडकाकडे पळतो, कारण खडकावरची कालवं तंगूस कापतात हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

बाकीच्या अटी वाऱ्याच्या. पहाटे जमिनीवरून मतलई वारा येतो, तोवर समुद्र गुळगुळीत. उन्हं चढली की खारा वारा उलट फिरतो, तंगुसाला पोट येतं आणि मासा लागला की वाराच लागला हे कळेनासं होतं. मग पाण्याचा रंग. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जोरात धावतं, पण तळ ढवळून गढूळ होतं. अष्टमीच्या भांगाला ते निवळतं, पण चालत नाही. खोटं आमिष फेकणाऱ्या शहरी पोरांना निवळ पाणी हवं असतं, कोळंबीवाल्यांना चालतं पाणी. शिवाय गाव बदललं की गणित बदलतं: मुंबईकडे मोठ्या उधाणाला पाणी पाच मीटरांच्या आसपास चढतं, खाली मालवणला त्याच्या निम्म्यावरच भागतं.

इतक्या अटी असल्याचा खरा फायदा रिकाम्या पिशवीने परतताना होतो. वाटेत कोणीतरी विचारतंच, “काय गावला?” तेव्हा “पाणी चलणा नाय” म्हणायचं आणि पुढे व्हायचं. यात खोटं काहीच नसतं. पाणी कधी ना कधी थांबलेलं असतंच.

पण या सगळ्या अटी जुळल्या तरी एक उरते, ती ओट्याजवळची. त्याच कालनिर्णयापुढे घरातली बाईमाणसंही उभी असतात आणि त्याच तिथ्या वेगळ्या हिशेबाने वाचतात. सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी. संकष्टीला तीनची भरती कितीही झकास असली तरी त्या दिवशी मासा घरी आणणं म्हणजे जिवाशी खेळ. पंचांग एकच, पण दोन घराण्यांचं.

वर्षाचं गणित तर याहून अवघड. आषाढातल्या अमावस्येला, श्रावण लागायच्या आदल्या दिवशी, घरोघर भूक उधाणलेली असते आणि समुद्रही. पण तो इतका खवळलेला असतो की खडकावर उभं राहण्याची सोय नाही, आणि यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै बंदी असल्याने ते दिवस बंदीत सापडले तर बाजारातही चणचण. मग नारळी पौर्णिमा येते. समुद्राला नारळ मिळतो, पाणी हळूहळू शांत व्हायला लागतं, तांबोशी खडकाशी येते. आणि श्रावण अजून पंधरा दिवस शिल्लक असतो. श्रावण पाळणाऱ्या घरातला गरवणारा या पंधरवड्यात गऱ्या घासतो, रिळाला तेल देतो आणि शेजाऱ्यांशी उगाच भांडतो. पाठोपाठ गणपती.

एका दिवशी मात्र नशीब उघडतं. कोकणातल्या काही घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्य लागतो. कुठे मटण, कुठे मासे, कुठे चिंबोऱ्या. वर्षभर गळाकडे नाक मुरडणारी माणसं त्या दिवशी स्वतःहून गरवणाऱ्याला विचारतात, “आज पाणी कसं आहे हो? एखादी तांबोशी मिळेल का?” तो कालनिर्णयापुढे जातो, तिथी बघतो. गौरी बहुतेक भाद्रपद शुद्ध अष्टमीच्या आगेमागेच जेवतात. म्हणजे भांग.