बूड न हलवता आयुष्य कसे काढावे

बसणे सोपे आहे, असा एक गैरसमज आहे. घटकाभर टेकणे कोणालाही जमते. दिवसाचे नऊ-दहा तास, तेही वर्षानुवर्षे, बसून काढायला संस्कार लागतात. ते वेळेत व्हावेत म्हणून हे मार्गदर्शन.

रांगते मूल हा पहिला धोका. त्याला उंच खुर्चीत अडकवावे, समोर मोबाइल लावावा आणि घास भरवत राहावे. वर्षाखालच्या मुलांना पडदा दाखवूच नका, दोन ते चार वर्षांच्यांना तासाभराहून जास्त नको, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली बजावले आहे. पण मऊ भात भरवायला संघटना येत नाही.

शाळेत गेले की निम्मे काम शिक्षक करतात. ‘एका जागी बसतो हो!’ याहून मोठी शाबासकी आपल्याकडे नाही. ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी तासभर अंग मोडून खेळावे म्हणतात. हा तास वाचवावा. पीटीचा तास गणिताच्या बाईंना द्यावा, दहावीला सायकल काढून घ्यावी, क्लासला स्वतः स्कूटरवर सोडावे. मुलींचे खेळणे त्याच्या बरेच आधी बंद करावे. २०१६ च्या जागतिक आकडेवारीत ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुले पुरेशी हालचाल न करणारी निघाली, आणि त्यात मुली मुलांच्या पुढे. मुलींची ही आघाडी अजून कोणाला खुपलेली नाही.

नोकरी लागल्यावर लंडनच्या डबलडेकरचा ड्रायव्हर डोळ्यांसमोर ठेवावा. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले, की दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांपेक्षा त्याच बसच्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त. बस एक, पगार देणारे एक; फरक बैठकीचा. तेव्हा पाणी शिपायाकडून मागवावे, पहिल्या मजल्यालाही लिफ्ट घ्यावी, शेजारच्या टेबलावरच्या माणसाला ईमेल करावा. पोटरीचे स्नायू पायांतले रक्त वर ढकलतात; त्यांना सुट्टी मिळते. जेवणानंतर मात्र सावध राहावे. दर वीस मिनिटांनी दोन मिनिटे चालले तरी रक्तातली साखर कमी चढते, म्हणजे डबा खाऊन केलेली सगळी बैठक वाया.

काही जण सकाळी बागेत फेऱ्या मारून दिवसभराच्या बसण्याचे प्रायश्चित्त घेतात. घाबरू नये. आठ तासांहून अधिक बसणाऱ्याला हिशेब फेडायचा तर रोज तास-सव्वा तास झपझप चालावे लागते, असे २०१६ च्या एका मोठ्या विश्लेषणात दिसले. आपल्या बागेत अर्धा वेळ बाकावर राजकारणात जातो, आणि बागेपर्यंत आपण स्कूटरवरून आलेलो असतो.

घराचा विषय नाजूक आहे. चौघांना नीट बसता यावे म्हणून घरात एकीने सतत उभे राहावे लागते. पाणी, चहा, चार्जर, रिमोट हे सगळे तिने आणून द्यावे. ती बसली, तर बाकीच्यांची साधना भंगते.

ज्यांना म्हातारपणाची घाई आहे त्यांच्यासाठी आडवाट आहे. १९६६ साली डॅलसमध्ये विशीच्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवले. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले, तेव्हा दिसले की तीस वर्षांच्या वयाने त्यांचा दम जेवढा घटवला, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांनी घटवला होता.

बाकीच्यांनी मुलांच्या प्रेमावर विसंबावे. ‘बाबा, तुम्ही बसा, आम्ही करतो,’ असे म्हणत तेच हातातली पिशवी काढून घेतात. पाट जाऊन डायनिंग टेबल येते, म्हणजे जमिनीवरून दिवसातून दोनदा उठण्याचा तापही जातो. बाजार बंद, जिना बंद, मग देवळापर्यंतचा रस्ताही बंद. मांडीचे स्नायू विरघळू लागतात, तोल जातो, पडण्याची भीती बसते, आणि त्या भीतीने माणूस आणखी बसतो. इथून पुढे प्रयत्नांची गरज नाही.

एखादा चौकस डॉक्टर हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा उठून दाखवायला सांगेल आणि घड्याळ लावेल. अशाकडे जाऊ नये. नाइलाजाने जावेच लागले, तर दारातूनच व्हीलचेअर मागवावी.