फॉगचा हत्ती अडला

मुलांचा शब्दसंग्रह वाढवायचा तर साहसकथेसारखं साधन नाही, असं प्रस्तुत लेखकाचं ठाम मत आहे. मुलांचं मत घेतलेलं नाही. लेखकाचा स्वतःचा शब्दसंग्रह सोसायटीत प्रसिद्ध आहे. लिफ्टशेजारी लागलेल्या सूचनांमधले ऱ्हस्व-दीर्घ तो पेनाने सुधारतो, लग्नपत्रिका आली की मुहूर्ताच्या आधी शुद्धलेखन बघतो, आणि दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे 1932 ते 1938 या काळात निघालेले सातही खंड त्याने दिवाणखान्यात पाहुण्यांची नजर नेमकी जाईल अशा उंचीवर मांडले आहेत. असा माणूस आजोबा झाला की नातवंडांनी जपून राहायला हवं.

नात चौथीत, नातू दुसरीत, दोघंही इंग्रजी शाळेत. मराठी बोलत नाहीत असं नाही, धबाधबा बोलतात. पण ‘आजोबा, त्या ह्याच्यावरचं ते काढून द्या ना’ या वाक्यात क्रियापद वगळता हाताला काही लागत नाही. माळा, फडताळ, कोनाडा, खुंटी, अडगळ हे सगळे शब्द ‘ह्याच्यावर’मध्ये गडप झालेले. लेखकाला याचा मनापासून राग येतो. राग मुलांवर नसतो, कारण मुलांच्या घरात कोनाडाही नाही आणि खुंटीही नाही. तो कुणावर काढावा हे ठरत नसल्याने मग तो पुस्तक काढतो.

पुस्तक विचारपूर्वक निवडलेलं होतं. ज्यूल व्हर्नची 80 दिवसांत जगाला फेरी मारणाऱ्या फिलीआस फॉगची कादंबरी, मराठी अनुवादातली. ही गोष्ट 1872 साली पॅरिसच्या एका वर्तमानपत्रात क्रमशः छापून आली. फॉग 20 हजार पौंडांची पैज लावून लंडनहून निघतो आणि वाटेत मुंबईला उतरतो. व्हर्न स्वतः हिंदुस्थानात कधी आला नाही, तरी त्याच्या कादंबरीत मलबार हिल आहे, वेरूळ आहे, खानदेश आहे. मराठी पोरांना याहून जवळचा परदेशी लेखक मिळायचा नाही.

सुरुवात झकास झाली. फॉगचा नोकर पासपार्तू मलबार हिलवरच्या देवळात बूट घालून शिरतो, तिथले पुजारी त्याला आडवा पाडून बूटमोजे काढून घेतात, आणि हा पठ्ठ्या अनवाणी, बोडका, धापा टाकत गाडी सुटायला पाचच मिनिटं उरलेली असताना स्टेशन गाठतो. नातू हसून हसून गादीवर लोळला. या संधीचा फायदा घेऊन लेखकाने ‘सभामंडप’, ‘गाभारा’ आणि ‘ओवरी’ हे तीन शब्द समजावून दिले. हसणं थांबलं, हे लेखकाने एकाग्रतेचं लक्षण मानलं.

मग हत्ती आला.

गोष्टीत असं होतं की मुंबई-कलकत्ता रेल्वे खोल्बी नावाच्या ठिकाणी संपते आणि पुढे अलाहाबादपर्यंत रूळच नसतात. मग फॉग हत्ती विकत घेतो. आता वास्तविक मुंबई आणि कलकत्ता हा लोहमार्ग जबलपूरला 1870 सालीच जोडला गेला होता. म्हणजे फॉग आला तेव्हा रूळ होते. हे ठाऊक असलेला माणूस ते पोटात कसं ठेवेल? लेखकाने सांगितलं.

‘म्हणजे हत्ती लागलाच नसता?’ नातवाने विचारलं.

‘नसता लागला.’

नातवाचा चेहरा पडला. स्वयंपाकघरातून आजी म्हणाली, ‘अहो, त्या पोराचा हत्ती कशाला मारताय?’

मारायचा कुठला, लेखकाला तर तो सजवायचा होता. हत्ती हा मराठीचा लाडका प्राणी आहे आणि लेखकाचाही. पाठीवर घालतात ती झूल. हाकतो तो माहूत, त्याच्या हातातला तो अंकुश. कपाळाचा फुगीर भाग ते गंडस्थळ, ओरडतो तो चीत्कार, राहतो तो पीलखाना. बसायचं आसन उघडं असेल तर तो हौदा, वर छत असेल तर ती अंबारी. हा फरक न कळणारी माणसं दूरदर्शनवर दसऱ्याच्या मिरवणुकीचं वर्णन करतात, याचं लेखकाला फार वाईट वाटतं. म्हैसूरच्या दसऱ्यात निघते ती सोन्याची अंबारी, वजन सुमारे 750 किलो, तिला हौदा म्हणणं म्हणजे वाड्याला खोली म्हणणं. मग वाक्प्रचार. आनंद झाला की हत्तीवरून साखर वाटतात, परवडत नाही तो पांढरा हत्ती, काम संपत आलं आणि थोडक्यासाठी अडलं की हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. शिवाय बुद्धिबळात हत्ती सरळ जातो आणि उंट तिरका, यावर लेखकाचं एक स्वतंत्र निरूपण आहे. तेही झालं. फॉगच्या हत्तीचा माहूत चक्क एक पारशी तरुण आहे; पारशी माणूस हत्ती हाकतोय हे चित्र मुंबईच्या कुठल्याही वाचकाला पचायला जड आहे, यावरही थोडं बोलणं झालं. व्हर्नने हत्तीच्या दोन्ही कुशींना दोन हौदे लटकवले आहेत आणि मधे झुलीवर पासपार्तूला बसवलं आहे. ही रचना शास्त्रशुद्ध आहे का, हा प्रश्न लेखकाने उपस्थित केला आणि कोशाचा सातवा खंड आणायला उठला, कारण ‘ह’ शेवटच्या खंडात असतो.

कादंबरीत फॉग मुंबईहून कलकत्त्याला पाच दिवसांत पोचतो. या घरात तेवढ्या दिवसांत हत्तीने पाऊलही उचललं नाही. नात पुस्तकाची पुढची पानं गुपचूप चाळायला लागली आणि नातू हत्ती म्हटलं की पाणी प्यायला उठायला लागला.

लेखकाने याला शास्त्राचा आधार दिला. न्यूझीलंडचे वॉरविक एली यांनी 1989 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. वर्गात गोष्ट नुसती वाचून दाखवली तर मुलांनी नव्या शब्दांपैकी साधारण 15 टक्के उचलले. शिक्षकांनी वाचता वाचता ओघात अर्थ सांगितला तेव्हा हे प्रमाण 40 टक्क्यांपर्यंत गेलं. लेखकाने हे आकडे जेवणाच्या टेबलावर ऐकवले, विजयी मुद्रेने.

‘ओघात म्हणजे काय, ते बघा ना तुमच्या कोशात,’ आजी म्हणाली.

अमेरिकेतल्या इझाबेल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही 2002 सालच्या त्यांच्या पुस्तकात लेखकाला अडचणीत आणलं आहे. त्या शब्दांच्या तीन पायऱ्या करतात. पहिलीवर रोजचे शब्द, पाणी, घर, चालणे. ते शिकवावे लागत नाहीत. तिसरीवर एखाद्या विषयाचे खास शब्द. ते त्या विषयाबरोबर येतात. शिकवण्याजोगे ते मधल्या पायरीवरचे, जे एका गोष्टीतून दुसऱ्या गोष्टीत, पुस्तकातून भांडणात, भांडणातून पत्रात सहज जातात. आता गंडस्थळ आणि पीलखाना कुठल्या पायरीवर बसतात हे सांगायला नको. लेखकाचं सगळं भांडवल तिसऱ्या पायरीवर गुंतलेलं निघालं.

आणि मधले शब्द? ते पोरांनी लेखकाला न विचारता उचलले होते. फॉग त्या हत्तीसाठी आधी तासाला 10 पौंड भाडं देऊ करतो, मग 20, मग 40. मालक हलत नाही. मग तो विकतच मागतो, 1,000 पौंडांपासून चढत 2,000 पर्यंत जातो, आणि पासपार्तू पांढराफटक पडतो. अनुवादात इथे ‘अव्वाच्या सव्वा’ होतं. त्यावर आजोबा एक अक्षर बोलले नव्हते, कारण त्यांचं लक्ष झुलीकडे होतं. चार दिवसांनी कोपऱ्यावरच्या कुल्फीवाल्याने आंबा कुल्फीचा भाव सांगितला तेव्हा नातू कमरेवर हात ठेवून म्हणाला, ‘काका, हे अव्वाच्या सव्वा आहे.’ कुल्फीवाल्याने पाच रुपये सोडले. नात आता भावाला ‘हुज्जत घालू नकोस’ म्हणते, आणि लिफ्ट अडकली की खाली जमलेल्या लोकांना ‘केवढा खोळंबा’ असं ऐकवते. तिच्या शाळेच्या मैत्रिणी तिला यावरून हसतात. ती हसू देते.

एका शब्दाला मात्र लेखक थांबला नाही, नातीने थांबवलं.

बुंदेलखंडाच्या जंगलात फॉगला एक मिरवणूक दिसते. म्हाताऱ्या राजाचं प्रेत, आणि त्याच्यामागून नेलेली त्याची तरुण बायको आऊदा. ‘सती म्हणजे काय?’ नातीने विचारलं. गोष्ट घडते त्याच्या कितीतरी आधी, 1829 साली, बेंटिंकने ही चाल कायद्याने बंद केली होती; व्हर्नने तरीही ती घातली. लेखकाला हे सगळं ठाऊक होतं. पेशवाईत, 1772 साली, थेऊरला सती गेलेली रमाबाई, हेही ठाऊक होतं. हौद्यावर दिवसचे दिवस बोलणाऱ्या माणसाने एका वाक्यात उत्तर दिलं आणि ते वाक्यही धड झालं नाही.

नात गप्प बसली. मग म्हणाली, ‘तो दगडावरचा हात?’

पुण्याबाहेरच्या एका जुन्या देवळाच्या आवारात तिने सतीशिळा पाहिली होती. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला, पंजा वर केलेला एकच हात. तेव्हा तिने त्या पंजाला आपला पंजा लावून फोटो काढून घेतला होता. तिला वाटलं होतं, कुणीतरी हाय करतंय. तो फोटो अजून लेखकाच्या फोनमध्ये आहे.

‘तिला पळता नाही आलं?’

आजोबांनी कोश उघडला नाही. पुढचं पान उलटलं आणि वाचत सुटले. रात्र, पहारेकरी, पहाट, चिता पेटलेली, आणि चितेवरचा म्हातारा राजा अचानक उठून उभा राहतो, तरुणीला उचलतो आणि धुरातून चालत बाहेर येतो. मिरवणूक भीतीने जमिनीवर पालथी. राजा नव्हेच तो, पासपार्तू! नातवाने उशी हवेत फेकली. नात हसली नाही, पण तिने सोडलेला श्वास ऐकू आला. त्या रात्री लेखकाने कुठल्याही शब्दाचा अर्थ सांगितला नाही. कुणी मागितलाही नाही.

पुढे गाडी भरधाव निघाली. कलकत्त्याच्या कोर्टात पासपार्तूवर खटला उभा राहतो, त्याला वाटतं सतीच्या प्रकरणाचा, आणि पुरावा म्हणून समोर येतात मलबार हिलवरचे बूट. ‘जामीन’ या शब्दाला लेखकाने एकच वाक्य दिलं आणि स्वतःच्या संयमावर इतका खूश झाला की ते आजीला सांगायला मधेच उठला. वाचन खोळंबलं. दोन्ही मुलं एकदमच म्हणाली, ‘आजोबा, हुज्जत नको, वाचा.’

ज्या घरी नातवंडं आहेत आणि आजोबांना शब्दांची हौस आहे, तिथल्या आजींना एवढीच विनंती, की पुस्तक हत्तीपाशी आलं की आजोबांना बाजारात पाठवावं. कुणा मुलाला हौदा आणि अंबारी यांतला फरक खरोखरच जाणून घ्यायचा असेल, तर त्याला लेखकाकडे आणून सोडावं. बुद्धिबळातल्या उंटाबद्दल बरंच सांगायचं राहिलं आहे.